कॅनन १५००डी साठी छोटा आणि परवडणारा फ्लॅश कोणता घ्यावा?

रानजाई

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, सोबत आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ५० एमएम एफ/१.८ अशा दोन लेन्स. घरातली बारशी, डोहाळजेवणं, वाढदिवस, गौरी-गणपती सगळ्याचे फोटो मीच काढते आणि मला ते मनापासून आवडतं. आता भाच्याची मुंज आहे. फोटोग्राफर ठरवलेला आहे पण तो विधींचे आणि स्टेजवरचे काढणार, मला मात्र आजीने मुलाला मांडीवर घेतलंय, मातृभोजनाच्या पंगतीत पोरं दंगा करतायत असे काढायचेत.

अडचण अशी की कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश उघडला की चेहरे पांढरेफटक, कपाळं चमकतात, मागच्या भिंतीवर काळी सावली, आणि १८ ला हूड लावून काढला तर फोटोत खाली लेन्सचीच अर्धगोल सावली येते. फ्लॅश बंद ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ६४०० केला तर दाणे दिसतात आणि पोरं हलली की फोटो हलतो. म्हणून बाहेरून लावायचा फ्लॅश घ्यायचाय. बजेट आठ हजारांपर्यंत. मोठा नकोय, पर्समध्ये मावला पाहिजे, आणि एवढ्याशा कॅमेऱ्यावर भलामोठा डोलारा ठेवला की मनगट दुखतं.

दुकानात विचारलं तर त्यांनी एक मॅन्युअल फ्लॅश (ज्याची पॉवर दर वेळी हाताने ठरवायची) दाखवला, स्वस्त आहे, पॉवरही जास्त, म्हणाले सगळ्या कॅमेऱ्यांना चालतो. घेऊ का?

अंधारखोली

ताई, थांबा, पैसे देऊ नका अजून. तुमच्या १५००डी ला तो चालणारच नाही अशी दाट शक्यता आहे.

कॅमेऱ्याच्या वर फ्लॅश सरकवायची जी खाच असते, हॉट शू, ती नीट बघा. जुन्या कॅननमध्ये मधोमध एक मोठा गोल कॉन्टॅक्ट असायचा आणि त्याच्या मागे चार छोटे. मधला मोठा कॉन्टॅक्ट म्हणजे फक्त 'आता पेट' एवढा निरोप देणारा, आणि तो बहुतेक सगळ्या कंपन्यांमध्ये सारखा, म्हणूनच साधा एका पिनचा फ्लॅश बहुतेक कॅमेऱ्यांवर पेटायचा. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या बॉडींमध्ये तो मधला कॉन्टॅक्ट काढूनच टाकला. राहिले फक्त छोटे, ज्यातून कॅमेरा आणि फ्लॅश एकमेकांशी डिजिटल भाषेत बोलतात. त्यामुळे एका पिनचा मॅन्युअल फ्लॅश लावला तर तो वर नुसता बसून राहील. या तीन बॉडी आपल्याकडे बरेच नवशिके घेतात, म्हणून हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो.

तुम्हाला कॅननच्या ई-टीटीएल भाषेत बोलणाराच फ्लॅश लागेल, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश मोजून पॉवर आपोआप ठरवणारा. आणि तो घेतानाही स्वतःचा कॅमेरा दुकानात न्या, वर लावा, चार-पाच फोटो काढा, पेटला तरच बिल करा. दुसऱ्या कंपन्यांच्या फ्लॅशचा जुना माल असेल तर फर्मवेअर अपडेट केल्याशिवाय या बिनपिनी बॉडींवर अडतो.

रानजाई

बापरे, आत्ता कॅमेरा काढून बघितला, खरंच मधे काही नाहीये! दुकानदारालाही हे माहीत नसावं बहुतेक. खूप आभार काका. मग ई-टीटीएलवाल्यात माझ्या बजेटात काय बसेल?

खिडकीपाशी

रानजाई, मी गोडॉक्स टीटी३५० वापरते (माझा सोनीचा आहे, तुला सी अक्षरवाला म्हणजे टीटी३५०सी लागेल, ते अक्षर खोक्यावर नीट बघून घे कारण एन निकॉनचा, एस सोनीचा, एफ फुजीचा आणि बाहेरून सगळे जवळपास सारखे दिसतात). दोन पेन्सिल सेलवर चालतो, सेल सोडून वजन २०० ग्रॅमच्या आसपास. मोठे चार सेलवाले असतात ना, टीटी६०० वगैरे, ते सेल न घालताच ४०० च्या घरात जातात. टीटी६०० तर मॅन्युअल एका पिनचाच आहे, म्हणजे तुझ्यासाठी बादच.

मुख्य म्हणजे याचं डोकं वर पण होतं आणि गोल पण फिरतं. हे फार फार महत्त्वाचं आहे. फ्लॅश माणसाच्या तोंडावर मारायचा नसतो, छतावर किंवा बाजूच्या भिंतीवर मारायचा, म्हणजे प्रकाश तिथे पसरून मऊ होऊन खाली येतो आणि तू म्हणतेस तो पांढरेफटकपणा, चमक, काळी सावली एकदम जातं. लहान फ्लॅशमध्ये बरेच असे असतात की डोकं हलतच नाही. गोडॉक्सचाच लक्स ज्युनियर बघ, दिसायला इतका गोड की घ्यावासाच वाटतो, पण डोकं समोरच आणि गाईड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) फक्त १२, शिवाय तोही एका पिनचा.

टीटीएल घे हेही माझं ठाम मत आहे. मॅन्युअलमध्ये दर वेळी अंतर बदललं की पॉवर बदलत बसायची, पंगतीत पोरं तेवढी थांबणार आहेत का.

सह्यभ्रमर

+१ टीटी३५० ला. एक विचारायचंय, माझा निकॉन डी३५०० आहे, त्याला पण हीच पिन भानगड आहे का?

अंधारखोली

नाही, डी३५०० ला मधला कॉन्टॅक्ट शाबूत आहे, साधा फ्लॅशही पेटेल. त्याची मर्यादा वेगळी आहे, निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींना हाय स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरलाही फ्लॅश चालायची सोय, नाही. फ्लॅश त्या सोयीचा घेतला तरी शटर १/२०० च्या वर जाणार नाही, म्हणजे भर उन्हात एफ/१.८ ठेवून फ्लॅशने सावल्या उजळायचा विचार असेल तर जमणार नाही. घरातल्या फोटोंना याने काही फरक पडत नाही. आणि फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून लांब ठेवायचा असेल तर वेगळा ट्रिगर घ्यावा लागेल, डी३५०० चा स्वतःचा फ्लॅश दुसऱ्याला हुकूम देऊ शकत नाही.

रानजाई

दोन सेलवाल्याची पॉवर पुरेल का हीच धास्ती आहे. दुकानातल्या त्या फ्लॅशवर गाईड नंबर ६० होता आणि टीटी३५० चा ३६ लिहिलाय. म्हणजे जवळजवळ निम्माच ना?

अंधारखोली

गाईड नंबरचं गणित सोपं आहे पण खोक्यावरचा आकडा फसवा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाईड नंबर भागिले एफ नंबर (लेन्स किती उघडी आहे ते सांगणारा आकडा) म्हणजे फ्लॅश किती मीटरपर्यंत पोचेल ते, आयएसओ १०० ला. पण फ्लॅशच्या आत पण झूम असतो, तो पुढे नेला की प्रकाशाचा झोत अरुंद होऊन लांब जातो आणि आकडा फुगतो. टीटी३५० चा ३६ हा १०५ एमएम झूमला मोजलेला आहे आणि त्या दुसऱ्या फ्लॅशचा ६० बहुधा २०० एमएमला, म्हणजे दोघांची तुलना त्या आकड्यांवरून होतच नाही. छतावर मारताना झोत रुंदच लागतो, म्हणून आपण हिशेबाला २० धरू.

आता आयएसओ ८०० करा. आयएसओ चौपट केला की गाईड नंबर दुप्पट, आठपट केला की साधारण २.८ पट, म्हणजे २० चे झाले ५६. एफ/४ ला ५६ भागिले ४ म्हणजे १४ मीटर. पांढऱ्या छतावर आपटून येताना ढोबळ मानाने दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप गेला की प्रकाश निम्मा, दोन गेले की पाव), म्हणजे अंतर निम्मं, ७ मीटर उरले. फ्लॅटचं छत दहा फुटांवर, फ्लॅश तुमच्या हातात पाच फुटांवर, वर जाऊन तिरकं चेहऱ्यापर्यंत यायला चार मीटरच्या आसपास. आरामात पुरतंय, फुल पॉवर लागणारही नाही.

कार्यालयात छत पंचवीस फुटांवर असेल तर जाऊन-येऊन तेरा मीटर धरा. तिथे १८-५५ ला ५५ वर एफ/५.६ मिळतो, आयएसओ १६०० ला ८० भागिले ५.६, त्याचं निम्मं, सातच मीटर, नाही पोचत. पण तुमच्याकडे ५० एफ/१.८ आहे ना, ती एफ/२.८ ला लावा, ८० भागिले २.८ साधारण २८, निम्मे १४. काठावर का होईना, पोचतो. तुम्ही अंगावरच्या फ्लॅशचा अनुभव धरून घाबरताय, १५००डी च्या त्या फ्लॅशचा गाईड नंबर ९.२ आहे आणि तो वळवताही येत नाही.

कौलारू

काकांचं गणित पांढऱ्या सपाट छताचं आहे. आमच्याकडे रत्नागिरीकडे घरं कौलारू, वर काळपट वासे आणि कौलं, प्रकाश वर गेला तो गेलाच, खाली काही येत नाही. जुन्या वाड्यांत पण लाकडी तक्तपोशी असते, तिथून येईल तो प्रकाश तपकिरी होऊन येतो, आणि भिंत पोपटी रंगवलेली असेल तर नवऱ्यामुलाचा गाल पोपटी. म्हणून डोकं फिरणारा फ्लॅश पाहिजेच, वर नाही तर बाजूला पांढरी भिंत शोधायची, तीही नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलची पांढरी शीट आणायची आणि एखाद्या भाचरंडाला हातात धरून उभं करायचं, त्यावर फ्लॅश मारायचा. खिडकीतून ऊन आल्यासारखा प्रकाश पडतो, खरंच करून बघा.

मुंजीत होमाचा धूर असतो तेव्हा फ्लॅश सरळ समोर मारलात तर धूरच उजळतो आणि सगळं दुधाळ दिसतं. तेव्हा बाजूने.

रानजाई

कौलारू, थर्माकोलचं फार आवडलं, मुंज माझ्या मावशीच्या जुन्या घरातच आहे आणि तिथे खाली हॉलला माडीची लाकडी तक्तपोशीच आहे.

एकाने मला जुना कॅननचा २७०ईएक्स टू देतो म्हणून सांगितलंय, कमी किमतीत. कंपनीचाच असल्यामुळे पिनचा प्रश्न येणार नाही ना? आणि ते पांढरं प्लॅस्टिकचं टोपण मिळतं डिफ्यूजर म्हणून, ते घेऊ का सोबत?

खिडकीपाशी

२७०ईएक्स टू चालेल की, ई-टीटीएलच आहे, दोन सेलवर चालतो आणि टीटी३५० पेक्षाही छोटा. पण त्याचं डोकं फक्त वर होतं, गोल फिरत नाही. त्याचा त्रास कुठे होतो सांगते: आडवा फोटो काढतेस तेव्हा छान छतावर जातो, पण उभा फोटो काढायला कॅमेरा फिरवलास की तेच डोकं बाजूच्या भिंतीकडे बघायला लागतं आणि त्या बाजूला भिंतच नसेल तर संपलं. एकट्या माणसाचे फोटो उभेच जास्त काढतो आपण. निकॉनवाल्यांनी पण लक्षात ठेवा, एसबी-३०० चं तसंच आहे, वर होतो, फिरत नाही. शिवाय तुझ्या मावशीच्या लाकडी छताखाली तर तुला बाजूलाच मारायचाय.

टोपण नको घेऊस. प्रकाश मऊ होतो तो उगमाचा आकार मोठा झाल्यामुळे, आणि टोपण फ्लॅशच्या तोंडाएवढंच असतं. बंद खोलीत ते प्रकाश चारी बाजूंना फेकतं म्हणून भिंतींमुळे थोडा फरक दिसतो, अंगणात किंवा मांडवात फक्त सेल जळतात. त्यापेक्षा फ्लॅश वर करून मागे एक पांढरं जाड कार्ड रबरबँडने बांध, पोस्टकार्डाएवढं, थोडा प्रकाश पुढे येतो आणि डोळ्यांत छान ठिपका चमकतो.

बेडूकवेडा

धागा आवडला म्हणून माझी भर. मी पावसाळ्यात आंबोलीला रात्री बेडूक आणि किडे शूट करायला जातो आणि मॅक्रोवाल्यांमध्ये, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणाऱ्यांमध्ये, हे दोन सेलवाले छोटे फ्लॅश प्रिय आहेत ते वजनामुळे, एका हातात कॅमेरा धरून वाकून बसायचं असतं. विषय वितीच्या अंतरावर असल्यामुळे गाईड नंबर तिथे बिनमहत्त्वाचा, १/१६ किंवा १/३२ पॉवर पुरते आणि सेल रात्रभर टिकतात. तिथे महत्त्व डिफ्यूजरला. दुधी रंगाची पातळ प्लॅस्टिक शीट वाकवून लेन्सच्या पुढपर्यंत आणायची, आतून बाजूंना चिप्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू चिकटवायची. बेडकाची कातडी ओली असते, उघडा फ्लॅश मारला तर नुसते पांढरे डाग.

एक कळकळीची विनंती, आंबोली टोड जगात फक्त त्याच भागात सापडतो, आणि एका जिवावर दहा जण आळीपाळीने फ्लॅश मारत बसतात हे बघवत नाही. दोन-तीन फोटो काढा आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. घरट्यातल्या पक्ष्यांवर तर फ्लॅश मुळीच नको.

पाऊलवाट

माझ्या वडिलांचा रोलच्या जमान्यातला फ्लॅश कपाटात आहे, व्हिविटार २८३, अजून पेटतो. माझ्या मिररलेसवर लावू का, फुकटात काम होईल.

अंधारखोली

नका लावू. त्या काळातल्या फ्लॅशमध्ये पिनवर येणारा ट्रिगर व्होल्टेज खूप जास्त असायचा, २८३ च्या सुरुवातीच्या जपानी बनावटीच्या पिसेसमध्ये तो २०० व्होल्टच्या वर जातो. रोलच्या कॅमेऱ्यात तो जोडणारा भाग यांत्रिक होता म्हणून सहन व्हायचा, आताच्या कॅमेऱ्यात तिथे नाजूक इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे, ते जळू शकतं. मल्टिमीटरने मोजून घेता येतं आणि नंतरचे पिसेस कमी व्होल्टेजचे आहेत, पण खात्री नसेल तर वडिलांची आठवण म्हणून जपून ठेवा. आणि हौसेने उघडू तर अजिबात नका, आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठवलेले असतात आणि सेल काढल्यावरही बराच वेळ राहतात.

मी_नाशिककर

व्हिडिओसाठी सोनी झेडव्ही-ई१० मार्क टू घ्यायचा विचार आहे, त्यावर टीटी३५०एस चालेल ना?

खिडकीपाशी

नाही चालणार, कुठलाच नाही. मार्क टू ला मेकॅनिकल शटर नाही आणि फ्लॅशचा सपोर्टच दिलेला नाही. पहिल्या झेडव्ही-ई१० ला चालतो, तिथे फक्त सायलेंट शूटिंग बंद ठेवायचं. फोटोही काढायचे असतील तर हे घेण्याआधी नीट ठरव. तसंच कॅननचा आर५० घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याला नवीन मल्टि-फंक्शन शू आहे, जुने फ्लॅश बसवायला एडी-ई१ नावाचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, म्हणजे फ्लॅशच्या बजेटात तेही धरा.

रानजाई

किती शिकायला मिळतंय! आता सेटिंगचं सांगा कुणीतरी. मी नेहमी एव्ही मोडवर काढते (एफ नंबर मी ठरवते, शटर कॅमेरा). आणि सेल साधे घेऊ की चार्जिंगचे?

अंधारखोली

एव्ही मोडवर फ्लॅश लावू नका घरात. कॅननचा एव्ही मोड असं समजतो की फ्लॅश फक्त मदतीला आहे आणि खोलीचा प्रकाश पूर्ण पकडायचाय, म्हणून शटर १/१५, १/८ असं खाली जातं आणि फोटो हलतो. एम मोडवर जा, तिथे शटर आणि एफ नंबर दोन्ही तुमच्या हातात. शटर १/१२५, एफ/४, आयएसओ ८००, आणि फ्लॅश ई-टीटीएलवर. उजेड किती टाकायचा ते फ्लॅश बघेल, मागे खोली किती उजळ दिसावी ते तुम्ही आयएसओ आणि शटरवर ठरवा, फक्त शटर १/२०० च्या पुढे नको.

मुंजीत सगळं पांढरं असतं, धोतर, उपरणं, गुरुजींचं सोवळं. मीटरला वाटतं फार उजेड आहे, तो फ्लॅश कमी मारतो आणि फोटो काळवंडतो. फ्लॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे आपोआप ठरलेल्या पॉवरमधली वाढघट, अधिक २/३ ठेवा. किंवा चेहरा मधे आणून स्टारचं बटण दाबा, फ्लॅश एकदा चमकून चेहऱ्याचं माप घेतो, मग फ्रेम जुळवून क्लिक करा. त्या पहिल्या चमकेला लोकांना वाटतं फोटो झाला आणि ते हलतात, तेव्हा आधी सांगून ठेवा.

खोलीत पिवळे दिवे असतील तर फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी पारदर्शक कागद (सीटीओ जिलेटिन) चिकटवा आणि व्हाइट बॅलन्स टंगस्टनला, नाहीतर माणसं निळसर आणि मागची भिंत पिवळीजर्द होते. नंतर कॉम्प्युटरवर ते दोन्ही एकदम सुधारता येत नाही.

कौलारू

सेल चार्जिंगचेच घ्या, निकेल मेटल हायड्राइडचे, एनिलूपसारखे. टॉर्चमध्ये घालतो ते स्वस्त सेल फ्लॅशला करंटच देऊ शकत नाहीत, एक फोटो झाला की पुढचा पेटायला वाट बघत बसावं लागतं. दोन सेलवाल्याला एक जोडी आत आणि एक जोडी खिशात एवढं पाहिजेच. आणि लागोपाठ फुल पॉवरवर मारत सुटू नका, छोटा जीव आहे, तापतो आणि मग स्वतःच थांबतो. कार्यक्रम झाला की सेल बाहेर काढून ठेवा, आमच्या दमट हवेत आत राहिलेले सेल गळून कॉन्टॅक्टला हिरवा गंज चढतो.

सह्यभ्रमर

मुंबईत असाल तर फोर्टातली बोराबझार गल्ली, तिथे कॅमेरा वर लावून बघू देतात. जीएसटीचं पक्कं बिल मागाच, त्याशिवाय वॉरंटीला काही अर्थ नाही.

रानजाई

मंडळी, टीटी३५०सी घेतला! कॅमेरा घेऊन गेले होते. पहिला दाखवला तो माझ्या बॉडीवर पेटलाच नाही, दुकानातल्या मुलाने दुसऱ्या लॉटमधला काढला तो लगेच पेटला, वीसेक फोटो काढून मगच पैसे दिले. काका, तुम्ही सांगितलं नसतं तर पहिलाच बंद खोक्यात घरी आणला असता. चार सेल आणि चार्जर धरून बजेटच्या किंचित वर गेले, चालेल.

काल घरी आजीचे फोटो काढले, भिंतीवर मारून. सुरकुत्यांसकट इतका सुंदर आलाय चेहरा की तिने स्वतःच दोनदा बघायला मागितला. फक्त एक शंका, आजीला चष्मा आहे आणि काचेत पांढरा डाग येतोय, कधी येतो कधी नाही. काय करू?

खिडकीपाशी

अभिनंदन गं! चष्म्याचं असं, तू ज्या भिंतीवर मारतेयस ती उजळलेली जागा काचेत दिसतेय. फ्लॅश तुझ्या मागच्या भिंतीकडे न वळवता बाजूला, आजीच्या खांद्याच्या रेषेत येईल अशा भिंतीवर मार. तरी आला तर चष्म्याच्या काड्या कानावर अगदी थोड्या वर उचलायला सांग, काच खाली झुकते आणि डाग निघून जातो. मुंजीचे फोटो इथे टाक नक्की.